आबांची टोपी आणि काळ्या बाटल्या

बावीसपैकी एकोणीस बाटल्या काळ्या पडल्या होत्या. सुनीताने त्या माझ्यापुढे ओळीने मांडल्या आणि पदराने डोळे पुसले. ही तिसरी खेप होती.

"आबा म्हनलं, आता एकच खेप. न्हाई जमलं तर ह्या खोलीत कांदा भरायचा. मंग मी परत कंपनीत, पॅकिंगला."

मी टिश्यू कल्चर लॅबमधून रिटायर झालेली बाई. दौंडला राहते. अडलेली मंडळी बोलावतात, मी जाते. सुनीता मांडवगण फराट्याची, मशरूमचं बियाणं करते. उकडलेली ज्वारी बाटलीत भरायची, कुकरमध्ये निर्जंतुक करायची, मग त्यात मशरूमची पांढरी बुरशी सोडायची. तीच वाढली पाहिजे, दुसरी कुठली नाही. यासाठी लॅबमध्ये महागडं मशीन असतं. सुनीताकडे पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा होता, उपडा घातलेला. हात घालायला दोन भोकं, तीही पितळी पेला तापवून पाडलेली! पोरगी मला तिथेच आवडली.

"आतून कशाने पुसतेस?"

"स्पिरिटनं. पंखा बंद, खिडकी बंद. हवा धा मिंटं बसू देते, मंगच हात घालते."

सगळं बरोबर होतं. तरी मी आपला तिच्या हातांवरच संशय घेतला. बांगड्या काढ, नखं दाखव. बिचारीने निमूट दाखवली. नखं माझ्यापेक्षा स्वच्छ निघाली.

मग म्हटलं, हवेलाच विचारू. बटाट्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास उकळून छोट्या डब्यांत जेली केली, कुकरमधून काढली. अशी डबी थोडा वेळ उघडी ठेवली की हवेतलं जे पडेल ते दोन-तीन दिवसांत उगवून दिसतं. एक मोठ्या डब्यात ठेवली, एक दारात.

तेवढ्यात सुनीताचे सासरे, आबा, कांदा निवडून थेट आत आले.

"काय मॅडम, जमतंय का आमच्या सुनंला?" असं म्हणत त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर दोनदा झटकली आणि तिनेच वारा घेत टेबलावर वाकले.

"आबा, रोज येता?"

"रोज! ती हात घालती तवा मी हितंच. पोराची कंपनीत शिफ्ट. दुसरं कोन हाय तिच्याजवळ?"

मी सुनीताकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. अगं बाई, हिला ठाऊक होतं! पण सासऱ्यांना "बाहेर व्हा" कोण म्हणणार?

मी तिसरी डबी उघडून पुढे धरली. "आबा, टोपी यावर झटका."

"जादू हाय का काय?"

"जादूच समजा."

तीन दिवसांनी परत गेले. मोठ्या डब्यातली डबी स्वच्छ. दारातल्या डबीत दोन ठिपके. आबांची काळीकुट्ट. कांद्याच्या सालीवर काळी भुकटी असते ना, तीच ती बुरशी. आता आबा भडकणार म्हणून मी पर्स हातात घेऊन तयारच होते.

आबांनी डबी उजेडात धरली. "म्हंजी पोरीचं वाटुळं मीच केलं व्हय? आगं, मंग बोलायचं न्हाई का!"

"कसं बोलू आबा? तुमी मायेनं येता."

आबांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली आणि बाहेर खुंटीला अडकवून आले. मला हसू आवरेना.

चौथ्या खेपेनंतर पंधरा दिवसांनी गेले, तर दारात बाज टाकलेली आणि तिच्यावर आबा.

"थांबा मॅडम. कुठनं आला?"

"दौंडहून. एसटीने."

"मंग हातपाय धुवा. चपला तिकडं. पर्स भाईरच ऱ्हाऊ द्या."

"अहो आबा, मी आयुष्यभर लॅबमध्ये..."

"आसंल. धुवा."

धुतले, काय करते! आत चोवीस बाटल्या होत्या, चोवीसही पांढऱ्याशुभ्र. सुनीता नुसती हसत होती, आणि खरं सांगते, मीही लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

निघताना विचारलं, "आबा, कांद्याचं काय केलंत?"

"माझ्या खोलीत भरला. मी झोपतो हितं, बाजंवर."

आमच्या लॅबच्या दारावर "आत येऊ नये" अशी पाटी होती. ती वाचत वाचत लोक आत यायचे. पाटीपेक्षा आबा बरे.