बांधापाशी थांबलेले अण्णा

विमानाच्या दिवशी माझे वडील, अण्णा, नवा शर्ट घालून तयार होते. पासपोर्ट झाला, व्हिसा आला, लेकीकडे इंग्लंडला चालले म्हणून तिसगावात कौतुकही झालं. मळ्यातून ते माझ्यामागे गाडीकडे निघाले आणि शेताच्या बांधावर थांबले. "म्या न्हाई येत. तू जा."

आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवायला माझा जीव धजत नव्हता. पण राग माझ्या नाकावर, बापाचंच वळण. "मग बसा त्या बांधाला कवटाळून!" असं बोलून मी गाडीत बसले. पुढे चार महिने धाकट्या भावाला, संजूला, फोन करायचे. 'अण्णांना दे' एवढं मात्र म्हटलं नाही. पाचव्या महिन्यात संजूचाच फोन आला. अण्णा गेले होते.

इथे मी नर्स आहे. मागच्या हिवाळ्यात वॉर्डात एक म्हातारा इंग्रज शेतकरी होता. चालायला उभं केलं की दोन पावलं टाकून अडायचा. दुसरी सिस्टर वैतागून म्हणाली, यानं पुन्हा 'बॉक' केलं. म्हणजे ऐनवेळी अडून नकार दिला. म्हातारा हसला. म्हणाला, शब्द आमचाच, शेतकऱ्यांचा. जुन्या काळी न नांगरता सोडलेल्या उंच पट्टीला बॉक म्हणत. पुढे काही मुद्दाम सोडून देणं म्हणजे बॉक, मग घोडा अडला की बॉक, आणि शेवटी माणसाचा नकारही.

म्हणजे आपला बांधच की! मी औषधांची ट्रॉली सोडून स्टोअररूममध्ये गेले आणि ओक्साबोक्शी रडले. अण्णांनी मला झिडकारलं, असंच मी धरून बसले होते. आपला बांध कोरू न देणारा आणि दुसऱ्याचा कधी न कोरलेला माणूस तो. "ज्याची हद्द त्याला ऱ्हाऊ द्यावी," म्हणायचे. त्यांची हद्द कोरायला मीच निघाले होते, मायेच्या नावाखाली. आणि हे सांगायला आता फोन कुणाला करू?

यंदा गावी जाऊन आले. मी काहीही म्हटलं तरी संजू आणि त्याची बायको मान डोलावतात. "व्हय ताई, तुमी म्हनाल तसं." चार दिवसांच्या पाहुणीला कोण मोडता घालणार? तोंडावर "न्हाई" म्हणणारं एक माणूस तिथे होतं, तोवर ते माझं घर होतं.