चाळीस हजार दगड आणि चार माणसं

वाल्डेमार पिओन्तेकचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. काळी कॉफी, राय धान्याच्या पावावर सॉसेजच्या चकत्या, गुडघ्यांना मलम. सहाला तो बाजारचौकात कामाला बसलेला असायचा. बेचाळीस वर्षं त्याने रूर नदीकाठच्या गावांतून रस्त्यांना, चौकांना दगड बसवले होते. निवृत्तीआधीचं हे शेवटचं काम. उन्हाळी कलाप्रदर्शनासाठी चौकभर काळ्या-करड्या दगडांची वर्तुळं काढायची होती. रेखाटन बर्लिनच्या फ्रीडेरिके लोमान या कलावतीचं. दगड बसवणारे चौघे.

रेखाटन चांगलं होतं, हे वाल्डेमारही मान्य करायचा. पण कागदावर पाणी साचत नाही. चौकाला उतार द्यावा लागतो, आणि उतारावर वर्तुळ गोल दिसायचं तर दगड एकेक निवडून घ्यावा लागतो. नाही बसला तर फोडून घ्यावा लागतो. एकवीस दिवस चौघांनी हेच केलं. चाळीस हजार दगड.

लोमानबाई दोनदा आल्या. दुसऱ्यांदा वर्तमानपत्राचा छायाचित्रकार बरोबर होता. त्यांनी चौघांतल्या हार्टमुटची हातोडी मागून घेतली, वीस मिनिटं गुडघे टेकले आणि सात दगड ठोकले. सातही उलटे. दगडाचं डोकं रुंद, पाय निमुळता, आणि पाय खाली जातो. हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. बाईंची गाडी निघून गेल्यावर वाल्डेमारने ते सात उपटले आणि नीट बसवायला घेतले.

"राहू दे की, म्हाताऱ्या," शेजारी दगड ठोकणारा एंगीन म्हणाला. "कला आहे ती."

"कलेवरून उद्या कुणाची तरी आजी चालणार आहे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पितळी पाटी लागली. 'फ्रीडेरिके लोमान. स्वतःच्या हातांनी, दगडादगडाने.' खाली देणगीदारांची अकरा नावं. त्यात एक विमा कंपनीही होती. तिने कुठला दगड उचलला होता, देव जाणे.

वाल्डेमार तसाच पालिकेत गेला. चौघांची नावं पाटीवर घाला, एवढंच त्याचं मागणं. सांस्कृतिक खात्याचा अधिकारी गोड बोलला. पाटीवर जागा उरली नाही, म्हणाला, आणि तुम्हाला तर पगार मिळालाच आहे. जणू पगार घेतला की माणसाचे हात दुसऱ्याच्या नावावर चढतात.

उद्घाटनाचं आमंत्रण चौघांपैकी कुणालाच नव्हतं. चौक सगळ्यांचा म्हणून वाल्डेमार कोट घालून गेला. भाषणं झाल्यावर एका आजीबाईंनी विचारलं, सिमेंटशिवाय हे दगड टिकतात कसे? लोमानबाईंनी प्रेमाने समजावलं की निमुळतं टोक वर ठेवतात, त्यामुळे दगड श्वास घेतो. लोकांनी माना डोलावल्या.

वाल्डेमारने आवाज चढवला नाही. "बाई, एक बसवून दाखवता का?"

"आपण कोण?"

"तुमचे सात दगड उपटून पुन्हा बसवणारा."

दोघंतिघं हसले. बाई लाल झाल्या. अधिकाऱ्याने येऊन वाल्डेमारचं कोपर धरलं आणि हळूच सांगितलं, आजचा दिवस असल्या वादाचा नव्हे.

"मग कोणता?"

अधिकारी पाहुण्यांकडे वळला. वाइनचे पेले फिरू लागले. पाटी होती तशीच राहिली.

सोमवारी वाल्डेमार गावातल्या वर्तमानपत्राच्या जाहिरात खिडकीवर उभा राहिला. तिथल्या मुलीने विचारलं, जन्म, लग्न, आभार की निधन? तो म्हणाला, निधन. तिने चेहरा पाडून सहानुभूती दाखवली.

"मेलं कुणी नाही," तो म्हणाला. "पण शनिवारी अख्खं गाव आधी तेच पान उघडतं."

शेवटच्या पगाराचा मोठा वाटा त्या अर्ध्या पानावर गेला. शनिवारी ते काळ्या चौकटीत छापून आलं:

'बाजारचौकातले चाळीस हजार दगड एकवीस दिवसांत गुडघ्यांवर बसून आम्ही बसवले. हार्टमुट ग्रेवे. एंगीन काराबुलुत. मिर्को याशिच. वाल्डेमार पिओन्तेक. चौघेही हयात आहोत.'