निरंक

"तुमच्या वस्तीत काय हुतं गं व्हाऊन जायाला?" अण्णा म्हणाले, आणि ओट्यावरचे सगळे हसले.

अण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. पुराचा पंचनामा त्यांच्याच ओट्यावर चालला होता. तलाठी भाऊसाहेब खुर्चीत. बाकीचे पंच सतरंजीवर. मी खाली, चिखलात उभी. पंचांत एक बाई पाहिजे, तिला सही करता यायला पाहिजे, म्हणून बौद्ध वस्तीतनं मला बोलावलेलं. मी बारावी झालेली. चहा सगळ्यांना कपबशीत आला. मला कागदी कपात. तोही पायरीवर ठेवून.

कृष्णेचं पाणी आधी आमच्या वस्तीत शिरतं आणि सगळ्यात शेवटी निघतं. भाऊसाहेब तिथं आलेच नाहीत. "रस्ता खराब आहे," म्हणाले. अण्णांच्या उसाचे फोटो मात्र चारी बाजूंनी काढले.

मी सांगत होते. भिंती पडल्या. कोंबड्या गेल्या. सखूमावशीचं शिलाई मशीन गेलं.

"गट नंबर?"

गट नंबर कुठला? आम्हाला जमीनच नाही.

"मग मोबाईलवरचं ॲप नोंदच घेत नाही, बाई."

आणि त्यांनी कागद पुढं केला. "इथं सही कर."

मी वाचायला लागले. अण्णा खेकसले, "वाचत काय बसलीस?" तरी वाचलं. बौद्ध वस्ती. नुकसान, निरंक. जीवितहानी, निरंक.

आठच दिवस झाले होते माझी आई जाऊन. छातीएवढ्या पाण्यातनं तिनं वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून बाहेर काढलं. पायाला जखम होती तिच्या. पाणी ओसरलं आणि ताप चढला. डोळे पिवळे झाले. पाच दिवसांत संपली.

"भाऊसाहेब, माझी आय पुरानं गेली."

"बुडून गेली का?"

"न्हाई. तापानं."

"मग पुरात धरता येत नाही."

"आवं, त्या पाण्यात उतरली नसती तर..."

"मेल्या माणसाचं भांडवल करू नगंस," अण्णा म्हणाले. "सही कर आन् नीघ."

डोक्यात जाळ झाला माझ्या. मी पेन खाली टाकलं.

"मी सही करनार न्हाई. ह्या खोट्यावर माझं नाव येनार न्हाई."

"तुझ्या सहीबिगर अडतंय व्हय?"

"अडत न्हाई, तर बोलावलं कशाला?"

भाऊसाहेबांनी कागद ओढून घेतला.

त्यांनी दुसऱ्या एका बाईची सही घेतली. कागद तालुक्याला गेला. त्या कागदावर आमची वस्ती आजही कोरडी आहे. पुढच्या पुरात बोट कुठं लावायची ते त्याच कागदावरनं ठरलं. बोट अण्णांच्या गल्लीत लागली. आम्ही पत्र्यावर बसून होतो.

ते पाणी उतरल्यावर मी वही घेतली. दारोदार फिरले. कुणाच्या घरात पाणी कुठवर चढलं, काय गेलं, कोण आजारी पडलं, कोण मेलं आणि कशानं. आईपासून सुरुवात केली. प्रत्येकाची सही, नाहीतर अंगठा. वही घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले.

साहेबांनी चाळली. म्हणाले, "हे आमच्या नमुन्यात बसत नाही."

मी म्हणाले, "मग नमुना बदला. मेलेली मानसं बदलायची न्हाईत."

दर सोमवारी जाते. हाकलतात. परत जाते. नमुना बदलेपर्यंत जाणार.