बेटावरची कोप

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि पायरी चढली म्हणून लिहिता येतं असंही नाही. शिवाय सांगण्यासारखं मोठं काही घडलेलं नाही. मित्रांबरोबर दोन रात्री एका बेटावर मुक्काम केला, एवढंच. ते दिवस चांगले गेले, आणि चांगले गेले हेच मला टोचत राहिलं आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी तेव्हा माजलगावला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. गाव शिरूर कासारच्या पलीकडचं, कोरडं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला लांबच्या सहकारी कारखान्यांवर जातं. आम्हीही जायचो. माझं बरंचसं लहानपण उसाच्या फडाशेजारी, कोपीत गेलं. कोप म्हणजे वाकवलेल्या काठ्यांवर चटई आणि कागद टाकून केलेलं, पाच-सहा महिन्यांचं घर.

तोडीच्या कामात कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. एकट्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. त्या साली आईच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या जोडीला कोण जाणार, हा प्रश्न दोन-तीन दिवस घरात नुसता बसून होता. धाकटी बहीण दहावीला होती.

"अण्णा, मी येतो," मी म्हणालो.

"तू कालिज कर," अण्णा म्हणाले.

मी एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, पण शब्द निघाला नाही. निघाला नाही म्हणजे मी काढला नाही.

शेवटी बहीणच गेली. ट्रकमध्ये चढताना ती हसत होती. आईला म्हणाली, "पेपराच्या आधी येते गं. न्हाईच आले तर दादाला बसव माझ्या जागी. झगा घालून."

कारखान्याचा हंगाम संपला की आमच्याकडं पट्टा पडला म्हणतात. पट्टा पडल्याशिवाय टोळी सुटत नाही, आणि एरवी तो दहावीची परीक्षा होऊन गेल्यावर पडतो. पण ते साल दुष्काळाचं होतं. विहिरी आटल्या होत्या, बराच ऊस जनावरांच्या छावण्यांना चारा म्हणून जात होता. यंदा कारखाने लवकर बंद पडणार असं लोक काळजीनं बोलायचे. मी मात्र मनातल्या मनात म्हणायचो, पडू देत. ऊस संपू दे, वाळू दे, काही होऊ दे, पण ती पेपराला येऊ दे. लोकांचं पीक जावं म्हणून मी देवाला हात जोडत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परीक्षा सोमवारी सुरू व्हायची होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत टोळीची काहीच खबर नव्हती. मोबाइल फक्त मुकादमाकडं, आणि तो लागत नव्हता. वर्गातला एक मित्र धरणाकाठच्या बागायतदाराच्या घरातला. तो म्हणाला, "आमच्या पाण्यात बेट निघालंय. चला राहायला."

धरणाच्या पाण्यात एक टेकाड होतं. पाणी खाली गेल्यामुळं त्याच्याभोवती वाळू उघडी पडली होती. मी नको म्हणणार होतो. पण खोलीत बसून तरी काय होणार होतं, असं मनाला समजावलं. गावातल्या दुकानात फोन लावून आईला बोलावून घेतलं आणि मित्राच्या घरचा नंबर कळवला. ती म्हणाली, "जा की. इथं येऊन टँकरच्या लाइनीत उभं ऱ्हायापरीस बरं."

शनिवारी आम्ही तिघं निघालो. मी, तो मित्र आणि कडा गावचा एक जण, ज्याचे वडील साखर कारखान्यात नोकरीला होते. मच्छीमार सोसायटीच्या नावाड्यानं आम्हाला होडीतून नेलं. त्याला सगळे मामा म्हणायचे. सोमवारी सकाळी न्यायला येतो, असं सांगून तो परत गेला.

चारी बाजूंना पाणी. मी इतकं पाणी लांबून पाहिलं होतं, त्याच्या मधोमध कधी बसलो नव्हतो. वाळू बारीक होती, पायाखाली थंड लागायची. बगळे सोडले तर आवाज नव्हता. मला पोहता येत नाही, त्यामुळं मी काठाशीच गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिलो. आई एव्हाना घागरी घेऊन उभी असेल, हे आठवलं. तरी मी उठलो नाही.

दुपारनंतर वारा सुटला. दोघं ताडपत्रीचा तंबू उभारत होते आणि ती दर वेळी उडून पाण्यात जात होती.

"धर की बे नीट."

"धरलीच हाय. तूच सोडतो."

थोडा वेळ मी पाहत राहिलो. मग राहवलं नाही. काठावरच्या बेशरमीच्या झुडपांच्या लांब काठ्या तोडल्या, दोन्ही टोकं वाळूत खोल रोवून कमानी केल्या, आडव्या काठ्या बांधल्या, ताडपत्री घातली आणि कडेला वाळूचा बांध दिला. पाठ वाऱ्याकडं, दार पलीकडं. हात आपोआप चालत होते. वारा आला, ताडपत्री फुगली आणि तिथंच राहिली.

"लई भारी," धरणाकाठचा मित्र म्हणाला. "कुठं शिकला बे?"

"शाळेत. स्काउटात."

"तुमच्या शाळंत स्काउट बी होतं?"

"होतं."

कड्याचा मित्र आत वाकून बघत म्हणाला, "ही तर टोळीवाल्यांची कोप दिसती. आमच्या कारखान्यापुढं रांगच असती. आता दारात एक कुत्रं अन दोन उघडी लेकरं बसवली की झालं."

दोघं हसले. मीही हसलो, त्यांच्यापेक्षा जरा मोठ्यानंच. त्या उघड्या लेकरांमधला एक मी होतो, आणि माझी बहीण त्याच वेळी असल्याच कोपीत असणार होती. आम्ही मात्र हौसेनं कोपीत झोपायला आलो होतो.

रविवारी आम्ही मामांनी दिलेल्या गळानं मासे धरले, भाजून खाल्ले, वाळूत कुस्ती खेळलो. बेटावर मोबाइलला रेंज नव्हती. मी दर थोड्या वेळानं काठाकडं पाहायचो. संध्याकाळी धरणाकाठचा मित्र वाळूवर रेघा ओढत म्हणाला, "आमचा सात एकर ऊस उभा वाळतोय. अण्णा कारखान्याचे सभासद, तरी तोड मिळंना. टोळ्याच कमी पडल्यात म्हणं. रात रात जागतात."

तोही वडिलांना अण्णाच म्हणायचा. मला त्याच्याकडं बघवेना. ऊस वाळू दे असं मी ज्या देवाला म्हणालो होतो, त्याला यांचा ऊस वेगळा कुठं दिसणार होता? मी म्हणालो, "मिळंल तोड."

"तुझ्या घरी काय करतात रे?" त्यानं विचारलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

"शेती," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. डोंगराला दोन एकर होती.

सोमवारी ऊन वर आलं तरी होडी दिसेना. पेपर अकराला सुरू होणार होता. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं. दोघं पोहत होते. बऱ्याच वेळानं, ऊन डोक्यावर आल्यावर होडी आली. मामा उतरायच्या आधीच ओरडले, "शिरूरकडचा कोन तुमच्यात?"

"मी," मी म्हणालो.

"तुज्या आईचा फोन आलता ह्याच्या घरी, मालकाकडं. तुमच्या कारखान्याचा पट्टा पडला. टोळी सुटली."

दोघं मित्र पाण्यातून उठून माझ्याकडं पाहायला लागले. मला त्या क्षणी त्यांच्यासमोर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि होडीची कड धरली.

"मामा, बहिणीचं काही बोलली का आई? तिचा पेपर होता आज."

"सांगतो की. दम खा." मामांनी वल्हं आत ओढून ठेवलं. "पहाटं ट्रक आला म्हणं. पोरगी घरी थांबलीच न्हाई. तोंड धुतलं अन तशीच शाळंत गेली. बसली पेपराला. हाताला उसाचं पातं लई कापलंय म्हणं, पर चिंधी बांधून लिव्हती. अन तुला निरोप हाय तिचा. दादाला म्हणावं, मी पोचले. तू घाई करू नको, ऱ्हा अजून दोन दिस."