ताटातले दोन घास

माझी शेवटची पोस्टिंग जम्मूकडच्या डोंगरात होती. मी हवालदार, डॉग हँडलर. माझी रोमा वाटेत पेरलेला बारूद वासावरून शोधायची आणि मागची गस्त तिच्या नाकाच्या भरवशावर चालायची.

रोज 0530 ला मी तिचा ताप, हिरड्या आणि ताट तपासायचो. मग वायरलेसवर तीनपैकी एक रिपोर्ट द्यायचा. फिट; अनफिट, म्हणजे काम बंद आणि नजरेखाली; नाहीतर इव्हॅक्युएट, म्हणजे थेट व्हेटर्नरी हॉस्पिटल. उस्ताद सांगायचे, कुत्रं दुखणं लपवतं, म्हणून हँडलरनं संशयी असावं. मी हा धडा जरा जास्तच गिरवला. लान्स नायक प्रेमसिंग आपल्या वाट्याचं अंडं रोमाला गुपचूप द्यायचा, तर मी त्याचीही झडती घ्यायचो.

एका सकाळी ताटात दोन घास उरले होते. हवा बदलली असेल, असं मी ठरवलं. थर्मामीटर लावलंच नाही. ताप निघाला तर दुसऱ्या युनिटचं कुत्रं मागवावं लागलं असतं, आणि ते मला खपलं नसतं.

"रोमा की रिपोर्ट?"

"फिट, साहब."

0840 ला स्फोट झाला. रोमा आणि मी ज्या दगडाजवळून पुढे गेलो, तिथंच प्रेमसिंगचा पाय पडला आणि तो जागीच गेला. संध्याकाळी रोमाला एकशे चार ताप भरला. तापलेल्या कुत्र्याचं नाक चालत नाही. आठ दिवसांत ती बरी झाली. चौकशीत कुणी मला दोन घासांबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

आता नोकरी संपवून मी ईटला, माझ्या गावी असतो. घरी चिंगी नावाची गावठी कुत्री आहे. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तिनं भाकरीला तोंड लावलं नाही. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, नाकातून रक्त. माझं डोकं थेट शेजारच्या निवृत्तीकडे गेलं. त्याच्या कोंबड्यांमागं चिंगी धावली, तेव्हा दोनच दिवसांपूर्वी तो म्हणाला होता, "हिला एक दिवस बघतोच." उंदराचं औषध! मी त्याच्या दारात उभा राहिलो.

"काय घातलंस तिला?"

"हवालदार, म्या मुक्या जनावराला इख घालीन व्हय?" निवृत्ती जागचा हलला नाही. "आधी घरात इचारा की."

घरात आमच्या सौभाग्यवती, सुमन, चुलीपुढं मान खाली घालून बसल्या होत्या.

"चार दिवस झालं, भाकर टाकतीय. मीच उचलून गाईला घालत हुते."

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही लगेच उलटतपासणी करताव. वाटलं, उन्हाचं आसंल."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मीही असंच काहीतरी ठरवलं होतं.

गावातला सलाईन लावणारा आला. "एक बाटली लावू, दोन दिवस बघू," म्हणाला. त्याच्यासाठी प्रत्येक दुखण्याला बाटलीच असते. मी थर्मामीटर लावलं. एकशे चार. पांढऱ्या हिरड्या आणि नाकातलं रक्त घरी बसून बघायची गोष्ट नव्हे. रक्त तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. मी निर्णय दिला, इव्हॅक्युएट. बार्शीचा जनावरांचा दवाखाना.

गाडी एकच होती, निवृत्तीचा पिकअप. त्यानं चावी घेतली. खरं सांगायचं तर निम्म्या वाटेपर्यंत मी त्याच्याकडे संशयानंच बघत होतो. तो मुद्दाम हळू चालवतोय, असंही वाटलं. रस्त्यातल्या खड्ड्यांनी चिंगीला हिसके बसू नयेत म्हणून तो जपून चालवत होता. हे मला उशिरा कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

बार्शीच्या डॉक्टरीणबाईंनी चिंगीचा कान उलटा केला. आत गोचिडांचा गठ्ठा होता. रोमाच्या हिरड्या रोज बघणाऱ्या हवालदारानं चिंगीचे कान कधी बघितलेच नव्हते. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "गोचीड ताप आहे. विष नाही." निवृत्तीनं माझ्याकडे बघितलं.

"खाणं कधीपासून सोडलंय?"

'आजपासून' हा शब्द जिभेवर आला होता.

"चार दिवसांपासून," मी म्हणालो. "आमचं लक्ष नव्हतं."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याप्रमाणं औषध ठरवलं. इतकं सोपं होतं ते.

चिंगी वाचली. निवृत्तीच्या कोंबड्यांमागं पुन्हा पळते. मी रोज सकाळी तिचं ताट बघतो, मग कान. कधी दोन घास उरलेले दिसतात, आणि अंगणात उभ्या उभ्या मी मोठ्यानं म्हणतो, "रोमा अनफिट, साहब."

लान्स नायक प्रेमसिंगला ते ऐकू जात नाही.