न पिणाऱ्यांच्या यादीतली कडकबाई

हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखातं होतं आणि धुलाईखात्यात कडकबाईंचं राज्य होतं. हे नाव तिथल्या पोरींनी ठेवलेलं. चादरीच्या घडीत कोपऱ्याला कोपरा लागला नाही, तर बाई ती चादर उलगडायच्या आणि एक शब्द न बोलता घडी घालणारीच्या मांडीवर परत ठेवायच्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर परवडलं असतं, असं पोरी म्हणत. पंचावन्नच्या आसपासचं वय, ताठ मान, नवरा कधीच गेलेला, एकुलती एक लेक लग्न होऊन गावातच. बाईंनी कामावर दांडी मारलेली कुणाला आठवत नव्हती. वाफेनं भिंतींना घाम फुटायचा, पण बाईंच्या साडीची निरी मोडायची नाही.

अशा बाईचं नाव न पिणाऱ्यांच्या यादीत पहिलं आलं, यात कुणालाच नवल वाटलं नाही.

यादीचं प्रकरण असं होतं. दुसऱ्या मजल्यावर दारू सोडवण्याचा विभाग होता. तिथे आठ प्रश्नांची एक प्रश्नावली तपासून बघायचं चाललं होतं. कुणाही नर्सनं बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्याला हे आठ प्रश्न विचारावेत, 'हो' किती आले ते बघावं, आणि माणसाला दारूची अडचण आहे की नाही हे तिथल्या तिथे कळावं, असा बेत. आता प्रश्नावली खरं बोलते का हे बघायचं, तर ती दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारायला हवी. पिणारे वॉर्डात हवे तेवढे होते. न पिणारे हॉस्पिटलच्याच नोकरांतून घ्यायचे ठरले आणि यादी करायचं काम मोठ्या सिस्टरांकडे आलं. त्यांनी सगळ्यात वर कडकबाईंना घातलं. बाईंना विचारायला त्या गेल्या नाहीत. विचारायचं काय त्यात?

प्रश्न विचारायला एक पोरगी खाली आली. मानसशास्त्र शिकत होती. हातात पॅड, कपाळावर घाम. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याशेजारी स्टूल ओढून ती बसली.

"मावशी, आठच प्रश्न आहेत. हो किंवा नाही. तुमचं काय, पटकन होईल."

"माझंच पटकन का?"

"म्हणजे... तुम्ही घेत नाही ना."

"विचारलंस कधी?"

पोरगी हसली. बाई हसल्या नाहीत. पोरगी खाली बघून वाचायला लागली.

"गेल्या वर्षात दारूमुळे कामाला उशीर झाला, दांडी पडली?"

"नाही."

"पिऊन कुणाशी भांडण, मारामारी?"

"मी न पिताच भांडते. नाही लिही."

"घरच्यांनी, मित्रमंडळींनी तुमच्या पिण्याबद्दल तक्रार केली आहे?"

"घरात मी आणि चार भिंती. भिंतींनी अजून तरी केलेली नाही."

"सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते?"

"सकाळी चहा."

"पिऊन पडलात, लागलं, अपघात?"

"नाही."

"आदल्या रात्रीचं सकाळी आठवत नाही, असं होतं?"

"सगळं आठवतं. तेच तर."

पोरीनं 'नाही'वर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला, "पिणं कमी करायला हवं, असं कधी वाटलंय?"

"हो."

पेन थांबलं. मागे चादरी दाबायचा रोलर घरघरत होता. पोरीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"हो?"

"हो. रोज संध्याकाळी सात वाजता पेला भरताना वाटतं. दुसरा भरतानाही वाटतं. तिसऱ्याला वाटेनासं होतं."

पोरीनं 'हो'वर खूण केली आणि शेवटचा प्रश्न विचारला. "पिण्याबद्दल अपराधी वाटतं?"

"नाही."

"अजिबात?"

"माझा पगार, माझं घर, दाराला आतून कडी. गुन्हा कुणाचा केलाय मी?"

पोरीनं खुणांवरून नजर फिरवली. दोन 'हो' झाले की अडचण आहे असं धरायचं ठरलं होतं. इथे एकच होता.

"मग मी कुठल्या बाजूला?" बाईंनी विचारलं.

"अडचण नाही, असं निघतंय. आणि तुमचं नाव यादीतही त्याच बाजूला आहे. म्हणजे जुळलं."

"चुकीचं जुळलं. मला मंगळवारच्या बैठकीत बसायचंय."

मंगळवारची बैठक म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांची संध्याकाळची बैठक. तिथे जागा मोजक्या. प्रश्नावलीत दोन 'हो' आले की जागा मिळायची, नाहीतर मोठ्या डॉक्टरीणबाईंची लांबलचक मुलाखत झाली की त्या ठरवायच्या. पण मुलाखती फक्त वॉर्डातल्यांच्या ठरल्या होत्या. न पिणाऱ्यांची कशाला घ्यायची?

पोरगी पुढे वाकली. आवाज खाली आला. "मावशी, शेवटचा प्रश्न पुन्हा विचारू? थोडंसं तरी वाटतच असेल ना. एवढं 'हो' म्हणा की झालं."

"असं दोनदा विचारायची परवानगी आहे तुला?"

"नाही."

"मग विचारू नकोस. आणि मला जे वाटत नाही ते वाटतं म्हणून मी सांगणार नाही. वरचे बाप्ये खोटं बोलून सुटायला बघतात. मी खोटं बोलून आत शिरू?"

पोरगी पॅड छातीशी धरून जिना चढून गेली. बाईंनी पुढची चादर उचलली, पण ती घडी काही जमली नाही. त्यांनी ती स्वतःच उलगडली.

बाईंना बैठक आत्ताच का हवी होती, ते सांगायला हवं. लेकीला कॉल सेंटरमध्ये पुन्हा कामावर जायचं होतं, आणि पुढच्या महिन्यापासून तिला संध्याकाळची पाळी मिळाली होती. नात दहा महिन्यांची. लेक म्हणाली होती, "आई, सहापासून दहापर्यंत बाळाला तुझ्याकडे ठेवते. जमेल ना?" आणि बाई म्हणून गेल्या होत्या, "न जमायला काय झालं?"

शब्द तोंडातून सुटले आणि त्यांना बाळंतपणाचा दिवस आठवला. लेक याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर कळा देत होती. बाई दिवसभर तिच्या उशाशी. पाठ चोळली, पाणी पाजलं, जावयाला दोनदा झापलं. उन्हं कलली तशी बाईंची बोटं साडीच्या पदराशी चाळा करायला लागली. साडेसहाला त्या उठल्या. "खाली धुलाईचा बॉयलर बंद पडलाय म्हणतात, बघून येते." लेकीनं त्यांचा हात धरला होता. तो त्यांनी सोडवला. बोट बोट करून सोडवला. घरी गेल्या, कडी घातली, पेला भरला. नात जन्मली तेव्हा दुसरा पेला अर्धा झाला होता. सकाळी त्या कडक इस्त्रीची दुपटी घेऊन हजर. लेक म्हणाली, "तुला माझ्यापेक्षा तुझा बॉयलर प्यारा." पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. दोष बॉयलरच्या माथी गेला आणि बाई सुटल्या. पण सुटल्यासारखं एक दिवस वाटलं नाही.

प्रश्नांच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मोठ्या सिस्टर स्वतः तळघरात उतरल्या.

"बाई, काय ऐकतेय मी हे? त्या पोरीची काही थट्टा केलीत का?"

"मी थट्टा करते कधी?"

"अहो, यादी मी दिली आहे. तुमच्यासाठी मी शब्द टाकलाय. उद्या लोक म्हणतील, सिस्टरांना आपलं माणूस ओळखता येत नाही."

"नाहीच आलं ओळखता. त्यात तुमचा दोष नाही, मी दिसूच दिलं नाही."

"हळू बोला ना. पोरी ऐकतायत."

बाई भिंतीपाशी गेल्या आणि रोलरचं बटण बंद केलं. घरघर थांबली. एवढी शांतता त्या तळघरानं भरदिवसा कधी अनुभवली नव्हती. कुठेतरी नळ ठिबकत होता.

"पोरींनो, मी रोज संध्याकाळी घरी दारू पिते. सगळ्यांना ऐकू गेलं? कोपऱ्यातल्या, तुला गेलं का?"

कोपऱ्यातलीनं मान हलवली.

"मग घड्या घाला. मी दुसऱ्या मजल्यावर चालले आहे."

"बाई, अहो, नोकरीचा तरी विचार करा," मोठ्या सिस्टर मागून म्हणाल्या.

"नोकरीचाच केला आजवर," बाई म्हणाल्या आणि बटण पुन्हा दाबलं.

दुसऱ्या मजल्यावर मुलाखतीच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता. त्यावर वॉर्डातले पुरुष ओळीनं बसलेले. कडेला एक ट्रक ड्रायव्हर, तिसऱ्यांदा भरती झालेला, जिभेला हाड नसलेला. बाईंना बघून त्यानं पाय आत घेतले.

"बाई, आमच्या चादरी मोजायला आलात? एक कमी आहे, पण शप्पथ, मी विकलेली नाही."

"सरक."

"इथे?"

"बाक तुझ्या मालकीचा आहे का? सरक म्हटलं ना."

तो सरकला. सगळी रांगच सरकली. शेवटचा बिचारा पडता पडता राहिला.

"भावाचा नंबर लावलाय का?" ड्रायव्हरनं हळूच विचारलं.

"माझा."

ड्रायव्हरनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "वाटत नाही हो तुमच्याकडे बघून."

"तुझ्याकडे बघून वाटतं. त्याचा तुला काही फायदा झाला?"

"भरपूर. तीनदा भरती झालो," तो म्हणाला, आणि रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

तेवढ्यात कालची प्रश्नवाली पोरगी बाहेर आली. बाईंना बाकावर बघून तिचा चेहरा पडला. "मावशी, मुलाखती वॉर्डातल्यांच्याच आहेत. तुमचं नाव नाहीये यात."

"मग आत जाऊन सांग, एक बिननावाची बसली आहे. उठायचं म्हणत नाही."

पोरगी आत गेली. बराच वेळ झाला. दार उघडलं ते मोठ्या डॉक्टरीणबाईंनीच. बुटकी बाई, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज एवढा मऊ की ऐकायला पुढे सरकावं लागे.

"कोण उठत नाही म्हणतंय? या आत."

त्यांनी खूप विचारलं. किती, कधीपासून, कुठून आणता, कुठे ठेवता, घरात नसेल तेव्हा काय होतं. बाई प्रत्येक उत्तर घडी घातल्यासारखं देत होत्या. बाळंतपणाची गोष्ट मात्र घडी मोडून बाहेर आली. ती ऐकताना डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

"आणि एवढं होऊन अपराधी वाटत नाही?"

"नाही. अपराधी माणूस देवापुढे हात जोडतो, चार आसवं गाळतो, घरी येऊन पुन्हा ओततो. मला राग येतो. त्या सात वाजण्याचा राग येतो. लेकीचा हात सोडवायला लावला त्यानं. रागाचा प्रश्न तुमच्या आठात नव्हता."

"नव्हता."

"मग माझे दोन 'हो' कसे व्हायचे?"

"व्हायला नकोतच. तुमचा एकच 'हो' तसाच राहील. तुम्ही पिता, आणि आमच्या प्रश्नावलीला तुम्ही सापडला नाहीत. हे मला कळायलाच हवं होतं. काल तुम्ही मन राखायला दुसरा 'हो' दिला असता, तर आम्ही समजलो असतो की प्रश्न अगदी उत्तम आहेत."

बाईंची मान आणखी ताठ झाली. जिंकल्यासारखं वाटलं त्यांना. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं.

"थांबा. प्रश्नावली चुकली, ते मी निस्तरेन. यादी चुकली, तेही निस्तरेन. तुम्ही काल पोरीशी भांडलात, सकाळी सिस्टरांशी, आता माझ्याशी. आज संध्याकाळी सात वाजता कुणाशी भांडणार आहात?"

बाईंची मान खाली गेली. कितीतरी दिवसांत असं झालं नव्हतं.

"बैठक आजच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सातलाच सुरू होते. मुद्दामच सातला ठेवली आहे. आणि एकटीनं एकदम पिणं तोडू नका, त्रास होतो. औषध लिहून देते, आधी ते घ्या."

बाहेर येऊन बाईंनी जिन्याच्या वळणावर उभं राहून लेकीला फोन लावला.

"ऐक. मी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर असेन. शेवटची खोली."

"तिथे काय? तिथे तर दारुडे बसतात."

"हो. मी पण बसणार आहे."

पलीकडे बाळ बडबडत होतं. बाई वाट बघत राहिल्या. फोन कानाला इतका घट्ट धरला होता की कान दुखायला लागला.

"आई," लेक म्हणाली, "त्या दिवशी बॉयलर..."

"बॉयलर ठणठणीत होता."

मग लेकीचा आवाज आला, कोरडा. "बाळाला तुझ्याकडे ठेवायचं की नाही, ते आता मी बघेन."

"बघ. हट्ट नाही माझा."

"आणि रडू नकोस उगाच."

"कोण रडतंय?"

"मी," लेक म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सातला पाच कमी असताना बाई त्या खोलीत शिरल्या. खुर्च्या गोलात मांडलेल्या, सगळे पुरुष. बाईमाणूस आलं म्हणून कुणीतरी घाईनं दाराजवळ, गोलाबाहेर, एक वेगळी खुर्ची ठेवली. बाईंनी ती उचलली, गोलात आणली आणि ड्रायव्हरच्या शेजारी आपटली.

"सरक."

"बाई, सकाळपासून सरकतोच आहे," तो म्हणाला आणि सरकला.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सातवर आला. बाईंची बोटं पदराकडे निघाली. त्यांनी ती मांडीखाली दाबून धरली आणि त्या घड्याळाकडे बघत राहिल्या, वाईट घडी घालणाऱ्या पोरीकडे बघायच्या तशा. काटा पुढे सरकला तरी नजर काढली नाही.

सव्वासातला दार उघडलं. लेक आली होती. एकटीच. आत आली नाही, दारातच चौकटीला टेकून उभी राहिली. पण उभी राहिली.