उजव्या हाताचं हँडल

ईश्वरदास शहारे कामठ्याच्या शाळेत शिपाई होता. घंटा वाजवायची, वर्ग उघडायचे, संध्याकाळी कुलपं लावायची. पण जीव सगळा घरामागच्या सपरीत, म्हणजे उघड्या छपरीत. तिथे रुळाच्या तुकड्याची ऐरण होती, भंगारातून उचललेला, वस्तू घट्ट पकडायचा वाइस होता, खिळ्यांना टांगलेल्या कानशी होत्या. मोहल्ल्यातली तुटकी कुलपं, शिलाई मशीनची पायडलं, दांडा निसटलेल्या कुऱ्हाडी सगळ्या तिथे यायच्या आणि धड होऊन परत जायच्या. बायको कलाबाई म्हणायची, "या मानसाच्या खिशात रुमाल सापडंल तं शपथ, नटच निघते."

त्याचा एकच हट्ट होता. सपरीतून बाहेर जाणारी वस्तू कामाचीच असली पाहिजे. कुणी शोभेसाठी घोडा-बिडा करून मागितला, तर सरळ सांगायचा, "बिनकामाचं लोखंड म्या बनवत नाई."

त्याची पुतणी साक्षी शेजारच्याच घरात राहायची. लहानपणच्या तापात दोन्ही पाय गेले आणि उजवा हातही लुळा पडला. त्या हाताने ती वस्तू दाबून धरी, हलकीशी ढकली, पण जोर लावता येत नसे. डावा हात मात्र खणखणीत. बारावी झाली आणि २००४ साली तिला फाट्यावर अपंगांच्या कोट्यातून फोनचा बूथ मिळाला. घरापासून फाटा दीड किलोमीटर. तिची आई धुरपताबाई तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ढकलत न्यायची, आणि धानाची रोवणी लागली की आई शेतात आणि बूथ बंद.

त्याच वर्षी गोंदियाला तीनचाकी सायकली वाटायचं शिबिर भरलं. मंडप, हार, भाषणं. साक्षीला उचलून सायकलीवर बसवलं, पाहुण्यांनी हँडलला हात लावला, फोटो निघाला. त्या सायकलीचं हँडल होतं उजव्या बाजूला. उजव्या हाताने ते गरगर फिरवायचं, तेव्हा साखळी ओढली जाते आणि चाक चालतं. व्यासपीठावर पंधरा माणसं बसली होती. एकानेही त्या पोरीला विचारलं नाही, की बाई, तुझा कोणता हात चालतो? अपंगाला वस्तू द्यायची आणि त्याच्या अंगाकडेच पाहायचं नाही, याला काय म्हणावं!

घरी आणली तर सायकल जागची हलेना. ईश्वरदास तिसऱ्याच दिवशी रजा टाकून सायकली वाटणाऱ्या ऑफिसात गेला. बाबूने मान वर न करता सांगितलं, "लेफ्टवाला मॉडल आता ही नहीं."

"मंग ज्याचा उजवा हात नाई चालत त्यानं काय करावं जी?"

"लड़की ने ही तो साइन करके लिया है ना?"

ईश्वरदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आला, सदरा काढला आणि सपरीत शिरला.

पहिल्या झटक्यात त्याने घाई केली. हँडलचा खांब उपटून डावीकडे बसवला, मागचं चाक उलटं करून साखळी डाव्या बाजूला घेतली. अख्खा मोहल्ला पाहायला जमला. साक्षीने डाव्या हाताने हँडल फिरवलं, साखळी फिरली, दातेरी चकती टकटक वाजली, आणि चाक जागच्या जागी. चाक उलटं झालं तशी त्या चकतीची, फ्रीव्हीलची, पकडही उलटी झाली होती. पुढे जायच्या वेळी ती मोकळी फिरायची. पोरंटोरं खिदळली. वीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हावी, याचा त्याला ऑफिसातल्या बाबूपेक्षा जास्त राग आला. दोन दिवस तो तेच चाक काढून-घालून पाहत राहिला.

मग त्याची नजर कलाबाईच्या पंख्यावर गेली. धानातला भुसा उडवायचा, हाताने फिरवायचा तो पंखा तिच्या माहेरून आलेला. त्याला जाड, सरळ, लांब दांडा होता.

"त्याले हात नोको लावू," कलाबाई म्हणाली. "माह्या बापानं देल्ला हाये."

"पोरीले फाट्यावर जा लागते वो."

कलाबाई उठली. मग स्वतःच पंख्यावरची पोती बाजूला करू लागली.

चाक आणि फ्रीव्हील त्याने पुन्हा पहिल्यासारखे लावले. पंख्याचा दांडा सीटखालून आडवा टाकला. डाव्या खांबावर हँडल, तिथून साखळी खाली दांड्यावर, आणि दांड्याच्या उजव्या टोकाकडून दुसरी साखळी चाकाला. दिशा वळवायची काठी मधोमध होती. तिला जोर लागत नव्हता, साक्षी ती उजव्या मनगटाने ढकलायची. तिने हँडलला पहिला वेढा दिला आणि सायकल निघाली ती थेट विहिरीपर्यंत. धुरपताबाई मागे धावत होती आणि रडतही होती. त्यानंतर दोन वर्षं फाट्यावरचा बूथ एक दिवस बंद राहिला नाही.

आणि मग २००६ साली कागद आला. वाटलेल्या सायकलींची पडताळणी आहे, वाहन मूळ स्थितीत हजर करावे, फेरफार आढळल्यास परत घेतले जाईल.

ईश्वरदासने कागद दोनदा वाचला. "मूळ स्थितीत? मूळ स्थितीत तं ते चालतच नोहती! लोकायनं सायकल इकून खाल्ली तं ते पाहा ना. चालती केली तं गुन्हा?" त्याने अर्ज लिहिला, कशासाठी काय बदललं ते चित्र काढून दाखवलं, आणि अर्ज घेऊन स्वतः गेला. ऑफिसात नवा बाबू होता. त्याने चित्र आडवं-उभं धरून पाहिलं आणि म्हणाला, "फॉर्म में हँडल राइट साइड लिखा है. राइट में होना मँगता, बस."

ईश्वरदास भांडायला तयार होता, वर्तमानपत्रात द्यायला तयार होता. साक्षीने त्याला बसवलं.

"मोठेबाबा, सायकल गेली तं बूथ जाते. तुमी भांडून राहिले, म्या घरी बसून राहू काय? कागदाले उजवीकडं हँडल पाह्यजे ना? देऊन टाका."

"कायले जोडू त्याले?"

"कायलेच नोका जोडू."

त्याला समजायला क्षणभर लागला. बिनकामाचं लोखंड. आयुष्यात जे केलं नाही ते करायचं, तेही खोटं दाखवायला. संताप त्या कागदाचा होता, पण कानस चालवणारे हात त्याचे होते, आणि त्यांना वाईट काम येत नव्हतं. उजवीकडे, पहिल्या जागी, त्याने नवा खांब उभा केला आणि त्यावर पहिल्यासारखंच दुसरं हँडल बसवलं. साखळी नाही, चाकाशी संबंध नाही. तरीही सवयीने आत नवे छर्रे भरले, ग्रीस घातलं. बोटाने टिचकी मारली की हँडल किती तरी वेळ फिरत राही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पडताळणीच्या दिवशी कलाबाईही सोबत होती. ऑफिसच्या फाटकाबाहेर त्याने डावं हँडल आणि साखळी उतरवून तिच्या पिशवीत टाकली, आणि सायकल ढकलत आत नेली. साहेबांच्या हातात फॉर्म होता. त्यांनी नंबर पाहिला, चाकं पाहिली. डाव्या रिकाम्या खांबाकडे पेन दाखवलं. "ये क्या है?"

"पिशवी अडकवाले होय जी," ईश्वरदास म्हणाला. साठीकडे झुकलेल्या माणसाने खाली मान घालून खोटं बोलायचं, का तर पोर चालती राहावी म्हणून.

"हँडल घूमता है? बेटा, घुमाके दिखाओ."

साक्षीने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, हँडलवर ठेवला आणि ढकलला. हँडल फिरलं. एक वेढा, दुसरा, तिसरा. अंगावर काही भारच नव्हता त्याच्या, चाक ओढायचं नव्हतं. त्या लुळ्या हाताने जन्मात पहिल्यांदा काही फिरवलं होतं, आणि ते कशालाच जोडलेलं नव्हतं. साहेब खूश झाले. "देखा? ओरिजिनल कितना हलका चलता है!" त्यांनी फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं आणि फोटोवाल्याला बोलावलं. पाच-सहा जणांनी टाळ्या वाजवल्या.

ईश्वरदासला तिथे उभं राहवेना. तो फाटकाबाहेर येऊन थांबला. कलाबाईने सायकल ढकलत आणली, पिशवीतून हँडल काढून त्याच्या हातात दिलं. त्याने साखळी चढवली, हँडल पक्कं करणारी कॉटर पिन भोकात घातली आणि रस्त्यावरचा दगड उचलून ठोकली, लागत होती त्याहून कितीतरी जोरात.

"मोठेबाबा," साक्षी म्हणाली, "तो उजवीकडचा हँडल काढून फेकू नोका. पुढच्या साली पुना बलावतीन."

तिने डावा हात हँडलवर टाकला आणि सायकल कामठ्याच्या रस्त्याला लावली. उजवीकडचं रिकामं हँडल खड्ड्याखड्ड्याने आपोआप फिरत होतं.